जाऊबाईंच्या वाट्याचं मत

आमच्या घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत चालत गेलं की वाटेत एक काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, संपते आणि दुसरी सुरू होते. रस्त्यावर रेघ ओढलेली नाही, नाका नाही. एरवी कळतही नाही. निवडणूक आली की मात्र कळतं, कारण खांबांवर लावलेले उमेदवारांचे चेहरे बदलतात. अलीकडे लाउथचे, पलीकडे मीथचे. हे म्हणतात, "आपलं दूध मीथचं आणि चहा लाउथचा."

हे इथे आयर्लंडमध्ये, ड्रोहेड्यात, एका हॉटेलात आचारी आहेत. आधी पुण्यात होते, मग इकडे आले. चार वर्षांनी मी आणि मुलगी त्यांच्यामागे आलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, आता कॉलेजात जाते. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर इंग्रजीत देते.

शेजारच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. लाउथमध्ये संसार करून, नवऱ्याला इथेच पुरून त्या अजून स्वतःला मीथच्या म्हणवतात. फुटबॉलचा सामना असला की खिडकीला मीथचा झेंडा लावतात आणि गल्लीतल्या लोकांच्या शिव्या हसत हसत खातात. मतदानाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये यादी घेऊन बसायचं काम त्यांच्याकडे असतं. पट्टी आणि पेन्सिल त्या घरूनच नेतात. कुणी आलं की यादीतल्या नावाखाली पट्टी धरायची आणि सरळ रेघ मारायची. वाकडी रेघ त्यांना खपत नाही.

त्यांनीच मला एकदा विचारलं, "तुझं नाव यादीत आहे ना गं?"

मी म्हटलं, आम्ही इथले नाही. त्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला समजावून सांगितलं. काउन्सिलच्या निवडणुकीला इथे राहणारा कुणीही चालतो, अठरा वर्षं पूर्ण झाली की झालं. नागरिक असो नसो. इथल्या लोकसभेचं आणि राष्ट्रपतींचं वेगळं, त्यासाठी मला नागरिक व्हावं लागेल. मला वाटलं, माझं इंग्रजी कमी म्हणून मी काहीतरी उलट समजले. मुलीने मोबाईलवर बघितलं आणि म्हणाली, "शी'ज राइट, मॅम." इथली मुलं आईला मॅम म्हणतात.

मग माझं नाव घातलं. मतदानाला गेले तेव्हा बाई टेबलामागे चष्मा लावून बसल्या होत्या. रोज कुंपणावरून बोलतो आम्ही, पण त्या दिवशी त्यांनी ओळख दाखवली नाही. मी नाव आणि पत्ता सांगितला, त्यांनी पट्टी लावून माझ्यावर रेघ मारली. नावापुढे इंग्रजीतलं एक अक्षर होतं. नंतर त्यांनी सांगितलं, त्या अक्षराचा अर्थ, हिला फक्त काउन्सिलला मत.

इथे शिक्का नाही, बटण नाही. कागदावर उमेदवारांची नावं आणि फोटो. जो सगळ्यात आवडला त्याच्यापुढे एक लिहायचं, मग दोन, मग तीन. मी सगळ्यांपुढे आकडे लिहून आले. कुणाला रिकामं ठेवायला मन होईना.

हे मी अक्कांना फोनवर सांगितलं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. गावाला असतात, साताऱ्याकडे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे.

"म्हंजे कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई?" अक्का म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"मग बरंय की धाकटे. तुझ्यासारखीसाठीच काढलीय जणू ती निवडणूक."

अक्का मला धाकटे म्हणतात. लग्न होऊन आले त्या दिवसापासून.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो. ते नाव सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर कुणीच त्या नावाने मला हाक मारली नाही. सासूबाई 'अगं ए' म्हणायच्या, दिराची मुलं काकी म्हणायची, अक्का धाकटे. आणि हे तर नुसतं खाकरायचे. माहेरी गेले की जुनं नाव. त्यामुळे नवीन नाव कुठे लिहिलेलं असेल ते असो, माझ्या कानाला ते कधी लागलंच नाही.

पहिलं मतदान आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जत्रेला निघाल्यासारख्या आम्ही बायका पहाटे उठलो, भाकऱ्या केल्या, आणि वरच्या आळीतल्या साताठ जणी मिळून शाळेत गेलो. मी ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ती माझ्या माहेरची, ही दुसरी, पण फळा तसाच, भिंतीवरचा उजळणीचा तक्ता तसाच. बायकांची रांग भिंतीला धरून होती. आत एक साहेब यादीतून नाव वाचायचे, मोठ्याने, म्हणजे खिडकीपाशी बसलेल्या पक्षांच्या माणसांना ऐकू जावं. मी अक्कांच्या मागे उभी होते. अक्का आत जाऊन आल्या. साहेबांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, माझ्या मागची कुणीतरी आहे, म्हणून मी बाजूला झाले आणि मागच्या बाईला पुढे जायला जागा करून दिली. साहेब वैतागले. "बाई आहेत का गेल्या?"

अक्का दारातून ओरडल्या, "अगं धाकटे, ती तूच हायस!"

सगळी शाळा हसली. मी पदर तोंडाला लावला तो शिक्का मारून बाहेर येईपर्यंत काढला नाही. शिक्का कुणावर मारला तेही धड आठवत नाही. घरी येताना अक्का वाटेत थांबून थांबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "मला पण पहिल्या वेळी असंच झालतं. पण मी दुसऱ्या हाकेला ओळखलं. तू तिसऱ्याला."

तेव्हापासून इकडे येईपर्यंत प्रत्येक निवडणुकीला आम्ही दोघी बरोबर गेलो. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, सगळी मतदानं. पुण्याला गेल्यावरही मी नाव हलवलं नाही, यष्टीने गावी यायचे. मतदान म्हणजे अक्कांबरोबर डोकं विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून, हातात काही ओझं न घेता अर्धा मैल चालत जायचं. वर्षात असं चालणं दुसऱ्या कुठल्याच दिवशी होत नव्हतं. एरवी त्याच वाटेने दोन दोन हंडे डोक्यावर घेऊन वर चढायचो, कारण नळ खालच्या आळीत. पाइप वर आणू असं प्रत्येक उमेदवार म्हणायचा.

या वर्षी गावच्या पंचायतीचं बिगूल वाजलं. आमच्या वॉर्डात एक जागा बायकांसाठी राखीव होती. वरच्या आळीने ठरवलं की या वेळी आपलीच बाई उभी करायची, आणि नाव निघालं अक्कांचं. त्यांनी मला फोन केला तेव्हा इथे सकाळचे दहा वाजले होते, हे नुकतेच कामावर गेले होते आणि मी कणीक मळत होते. ल्यूकन नावाच्या इथल्या गावातल्या काही मराठी कुटुंबांना मी आठवड्याच्या पोळ्या करून देते.

"धाकटे, मी उभी ऱ्हायले."

"कुठे?"

"कुटं म्हंजे? पंचायतीला. पाइप वर आणणार. साठीला आले, अजून हंडा उचलती. आता बास."

"निशाणी काय मिळाली?"

"शिलाई मशीन. आयुष्यात सुईत दोरा ओवला न्हाई मी."

समोर पाटलांची धाकटी सून होती, खालच्या आळीची. शिकलेली, गोड बोलणारी. अक्कांना वाचता येत नाही. यादी त्यांच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, मोबाईलवर पाठवली, पण तो कामाला साताऱ्याला, त्याला वेळ कुठला. म्हणून यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. मुलीने ती कॉलेजात छापून आणली. मग रोज सकाळी दहाला फोन, मांडीवर यादी आणि हातात पेन्सिल. मी एकेक घर वाचायचे, अक्का सांगायच्या कोण आपलं, कोण त्यांचं, कोण कुंपणावर.

गाव सोडून इतकी वर्षं झाली, पण त्या वीस-पंचवीस दिवसांत मी जितकी गावात फिरले तितकी तिथे राहत असतानाही फिरले नव्हते. एक घर वाचलं की त्याचं अंगण दिसायचं. कुणाच्या दारात शेवगा, कुणाच्या उंबऱ्याची पायरी तुटकी, कुणाची म्हैस मारकी. बायकांची नावं मात्र दोघींनाही ओळखू यायची नाहीत. मी नाव वाचायचे.

"ही कोण गं?" अक्का विचारायच्या.

"घर क्रमांक अकरा. वय एक्केचाळीस."

"अकरा म्हंजे सुताराचं. एक्केचाळीस... मधली सून! तिचं नाव हे होय? बया, हिला तर आम्ही घोगरी म्हणतो."

नवऱ्याच्या नावावरून ओळखावी, तर तिथे दुसरीच अडचण. मग आमचंच घर आलं. यादीत आमच्या घरातली सगळी पुरुष माणसं, थोरले भाऊजी, हे, कैलासवासी सासरे वडिलांच्या नावाच्या रकान्यात. अक्का नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी थोरल्या दिराचं घेत नाही, नवऱ्याचंही नाही.

"पुढचं?" अक्का म्हणाल्या.

"आपलं घर आलं."

"मग वाच की."

"एक हे तुमचे. एक हे आमचे."

मुलगी पायऱ्यांवर बसून ऐकत होती. "मॅम, जस्ट से इट! हीज गॉट अ नेम!" असं म्हणून इतकी हसली की अक्कांनी फोनमधून विचारलं, पोरीला ठसका लागला का.

त्याच घरात खाली आणखी एक नाव होतं. सासूबाईंचं. त्यांना जाऊन वर्ष झालं, पण नाव अजून कुणी काढलं नव्हतं. वय ब्याऐंशी, छापलेलं. मी ते नाव आयुष्यात कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. सासूचं नाव कोण घेतं? त्या दिवशी वाचून दाखवायचं होतं म्हणून वाचलं. हळू वाचलं. पलीकडून कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाल्या, "किती छान नाव हुतं गं म्हातारीचं. आपण नुसतं आत्याबाई आत्याबाई करत बसलो."

यादी संपली तेव्हा आमचा हिशेब झाला. जिवंत असलेले, गावात असलेले, मुंबईहून येणार म्हणणारे, सगळे धरून अक्का पाच मतांनी पुढे होत्या. त्यात माझं मत होतं. मी येणार म्हणून सांगितलं होतं, विमानाचं तिकीटही काढलं होतं.

आणि मग पत्र आलं.

हे दोन-तीन वर्षांपूर्वीच आयर्लंडचे नागरिक झाले होते. माझा अर्ज नंतर गेला. एकदा नागरिकत्वाच्या शपथेला बोलावलं होतं, तेव्हाच सासूबाई गेल्या आणि आम्ही गावी होतो, म्हणून पुढची तारीख मागून घेतली. आता ती तारीख आली होती. किलार्नी नावाच्या लांबच्या गावी, मोठ्या हॉलमध्ये. आणि गावचं मतदान त्यानंतर नऊ दिवसांनी.

एकदा शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट चालत नाही. तो परत करायचा, नवीन काढायचा, मग भारतात जाण्यासाठी दुसरं कार्ड. नऊ दिवसांत यातलं काहीच होत नाही. आणि झालं तरी गावच्या मतावर माझा हक्क उरत नाही, यादीत नाव असलं तरीही. म्हणजे किलार्नीला गेले तर गावाला जायचं नाही. गावाला गेले तर किलार्नी सोडायची.

हे म्हणाले, "दुसऱ्यांदा नाही म्हणालीस तर फाईल कुठे जाईल देव जाणे." मुलगी म्हणाली, पुन्हा विचारून बघू, ग्रँड होईल सगळं, म्हणजे ठीक होईल. शेजारच्या बाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण मुलीने सांगितलं असावं. त्या कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "आता तुझ्या नावापुढचं ते अक्षर जाणार म्हणे." एवढंच बोलल्या आणि गुलाबाची वाळलेली फुलं कापायला लागल्या.

इथे खोटं कशाला लिहू. फाईलची भीती होती हे खरं. पण भीती नसती तरी मी किलार्नीला गेले असते असं मला आज वाटतं. दर वेळी इथे राहण्याचं कार्ड नवं करायला जायचं, काचेपलीकडच्या माणसाच्या प्रश्नांना अडखळत उत्तरं द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, आणि मुलीने शेजारी उभं राहून माझ्या वतीने बोलायचं. ते संपावं असं मला फार वाटत होतं. नवरा, मुलगी एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या, हेही संपावं असं वाटत होतं. मला ते हवं होतं. अक्कांना मात्र मी तसं सांगितलं नाही. मी सांगितलं, नाइलाज आहे.

"नाव तर यादीत हाय की तुझं," अक्का म्हणाल्या. "मीच तर ऐकलं परवा. तिकीट काढलंयस."

मी पासपोर्टचं समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"एक महिना पुढं ढकलता येत न्हाई?"

"एकदा ढकललंय अक्का. आत्याबाई गेल्या तेव्हा."

"म्हंजे तिकडचं मत मिळवायला हिकडचं सोडतीस."

मी पुन्हा म्हटलं, नाइलाज आहे.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझं सोडून बी चार हायेत." मग त्यांनी ज्वारीला कीड लागल्याचं सांगितलं, आणि पुतण्याच्या गाडीचं, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला नाही. मी यादी दिव्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

किलार्नीला आम्ही रेल्वेने गेलो. हॉल भरून माणसं होती, किती देशांची, सगळी नटून आलेली. केरळच्या नर्सबाया सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्यांत, आफ्रिकेच्या बायका डोक्याला उंच फडकी बांधून. मी हिरवी पैठणी नेसले होते. न्यायाधीशांनी शपथ सांगितली आणि सगळ्यांनी ती त्यांच्यामागून म्हटली. सुरुवातीला प्रत्येकाने आपापलं नाव घ्यायचं होतं. एकाच वेळी हजारो लोकांनी हजारो नावं घेतली, कुणाचंच कुणाला ऐकू गेलं नाही. त्या गलक्यात मी माझं ताटातलं नाव पूर्ण म्हटलं, नवऱ्याच्या नावासकट, मोठ्याने. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पहिल्यांदा. शेजारची केरळची बाई माझ्याकडे बघून हसली. हे वर गॅलरीत मुलीबरोबर बसले होते, त्यांना काही कळलं नाही.

परतीच्या गाडीत हे झोपले आणि मी खिडकीतून हिरवी कुरणं बघत बसले. मला आनंद झाला होता. आणि दर थोड्या वेळाने मनात यायचं, आता गावात प्रचाराची रिक्षा फिरत असेल, अक्का दारोदार हात जोडत असतील. चार आहेत, मी मनात म्हणायचे. माझं सोडून चार आहेत.

मतदानाच्या दिवशी पुतण्याने अक्कांचा फोटो पाठवला. धुतलेलं लुगडं, बोटाला शाई. वाटेवर एकट्या उभ्या होत्या.

मोजणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला. मी सकाळपासून पोळ्यांना हात लावला नाही. पुतण्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. "काकी, टाय झालाय."

मला आधी समजलं नाही.

"सारखी मतं पडली. आईला आणि पाटलांच्या सुनेला. आता चिठ्ठी टाकणार आहेत."

मुंबईची चार माणसं आलीच नाहीत म्हणे. एस.टी. मिळाली नाही. एकाने आजारी असल्याचं सांगितलं. पुतण्याने फोन चालूच ठेवला. मला माणसांची गडबड ऐकू येत होती, खुर्ची सरकवल्याचा आवाज, कुणीतरी 'शांत बसा' म्हणत होतं. दोन चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या, कचेरीतल्या एका बाईंनी हात घातला. मग एकदम खालच्या आळीचा आरडाओरडा झाला आणि मला कळलं.

एक मत. चिठ्ठीची वेळच आली नसती.

त्या दिवशी मी अक्कांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. काय बोलणार? हे म्हणाले, "चार मुंबईचे आले नाहीत ते सोडून तू स्वतःलाच का धरतेस?" बरोबर होतं त्यांचं. पण ते चार माझ्या फोनवर रोज सकाळी दहाला नव्हते.

पाचव्या दिवशी दहा वाजता अक्कांचाच फोन आला.

"जिवंत हायस का?"

मी रडायला लागले.

"रडतीस कशाला? मी पडले, तू न्हाईस. साऱ्या गावाला सांगितलंय मी, धाकटी आली असती तर निवडून आले असते. लोकांना कायतरी कारण लागतं. मुंबईवाल्यांचं नाव घेतलं तर त्यांच्याशी वाकडं यायचं. तू लांब हायस, तुझं नाव घ्यायला सोपं."

"खरंच आहे ते, अक्का."

"खरं हाय म्हणून तर सांगते." मग म्हणाल्या, "तुला जायाचंच हुतं ना तिकडं? नाइलाज बिइलाज काय नव्हता."

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत अक्कांपासून मला कधी काही लपवता आलेलं नाही.

"मग तसं सांगायचं. मी काय खाणार हुते का तुला? चार दिवस चिडले असते, मग ज्याची मतं फिरवायची ती फिरवली असती. तू नाइलाज म्हणलीस, मी बी चार हायेत म्हणून गाफील ऱ्हायले. ते मला लागलं." आवाज चढला नव्हता, पण लागलं होतं ते कळत होतं. मी माफी मागितली. त्या 'हं' म्हणाल्या.

नंतर मी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, माझं नाव गावच्या यादीतून कमी करावं म्हणून. वहीच्या रेघी कागदावर, तीनदा लिहून चांगला केला, आणि पुतण्याला फोटो पाठवला. गावात यादीचं काम बघणाऱ्या गुरुजींकडे तो अक्कांनी द्यायचा होता. दोन आठवडे त्यांनी दिला नाही. विचारलं की म्हणायच्या, गुरुजी भेटले न्हाईत. गुरुजी त्यांच्या घरासमोरून दिवसातून दोनदा जातात. सासूबाईंचं नाव मात्र त्याच सुमारास त्यांनी काढून घेतलं.

शेवटी परवा फोन आला. अर्ज दिला.

"गुरुजी म्हणले, कारण काय लिहू? नाव काढायला तीनच कारणं असत्यात म्हणे. मयत, स्थलांतर, न्हाईतर लग्न हुन सासरी गेली."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हणलं, सासरी गेली असं लिवा."

"अक्का! या वयात?"

"गुरुजी पण हसला. म्हणला, काकू, त्या हितं सासरीच हुत्या की. मी म्हणलं, ते आता माहेर झालं तिचं. त्यानं काय लिवलं ते मला कुटं वाचता येतंय. पण मी सांगितलंय तसं."

मग म्हणाल्या की पाटलांची सून घरी येऊन पाया पडून गेली, पाइपाचं बघते म्हणाली. बघू. तोवर हंडा आहेच. माझं कार्ड कधी येणार ते विचारलं. दिवाळीपर्यंत येईल, म्हटलं.

"मग दिवाळीला ये. माहेरपणाला आल्यासारखी ये," अक्का म्हणाल्या. "पण पाणी तुलाबी भरायला लागंल."